दिशाचं माप घ्यायचं राहिलं

५ जानेवारी

महेशच्या कंपनीत वाटलेली ही डायरी. दर वर्षीची डायरी दूध आणि गॅस लिहिण्यात जाते. यंदा दिशा म्हणाली, "आई, तू दुकानाबद्दल लिही. पुढे वाचायला मजा येईल." म्हणून बसले आहे. नवऱ्याचं नाव लिहिताना अवघडल्यासारखं होतंय, तोंडाने अजून 'अहो'च आहे.

तर दुकान. सिडकोतल्या आमच्या घराची पुढची खोली आजपासून 'दिशा ब्लाउज'. सतरा वर्षं मी आतल्या खोलीत बसून गल्लीतल्या बायकांचे साधे ब्लाउज शिवले. आता फक्त नवरीचे घ्यायचे. दोन मशिनी, भिंतभर आरसा, कोपऱ्यात पडदा लावून ट्रायलची जागा. दिशाने मोबाइलवर दुकानाचं पान काढून दिलं. ती बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, एकोणीस पूर्ण झाली. सकाळी कॉलेज आणि दुपारनंतर माझ्याजवळ. मी माप घेते आणि मोठ्याने सांगते, ती वहीत लिहिते. अक्षर फार देखणं आहे तिचं.

११ जानेवारी

पहिली नवरी आली. उज्वला नाव. चांदवडची, घरी कांद्याची शेती, स्वतः इथे बँकेत नोकरीला. लग्न १८ मेला. सुरेख बांध्याची मुलगी, कुठे कमी नाही, कुठे जास्त नाही. तिला बिनबाह्यांचा ब्लाउज हवाय. दंडाभोवती टेप फिरवताना मी म्हणाले, "दंड जरा भरलेत गं. चार महिने आहेत. तेवढे उतरवलेस तर फोटोत वेगळीच दिसशील."

असं काहीतरी बोलावं लागतं. गिऱ्हाइकाला वाटतं, ही बाई आपल्याकडे नीट बघतेय.

उज्वला हसली नाही. म्हणाली, "मग काकू, दोन इंच कमीनेच शिवा. मी त्यात बसून दाखवते." मी हो म्हटलं. दिशाने दोन्ही मापं लिहिली, आजचं आणि लग्नाचं.

ती गेल्यावर दिशाने विचारलं, "आई, तिचे दंड खरंच जाड होते?"

"छे. धंद्यात बोलावं लागतं."

"मग तिला खरं कधी सांगणार?"

काहीही विचारते. मी म्हटलं, त्या पिना गोळा कर.

२ फेब्रुवारी

उज्वलाची पहिली ट्रायल. दीड इंच उतरली. मी तर बघतच राहिले. काय केलंस म्हणून विचारलं तर म्हणाली, "काही नाही काकू, तोंड बंद." ट्रायलच्या जागेत जरा टेकून उभी राहिली होती, नंतर स्टुलावर बसली. बँकेत मार्चची कामं आतापासूनच सुरू होतात म्हणे, दमत असेल.

दिशाने तिचे तेव्हाचे आणि आताचे फोटो शेजारी शेजारी लावून पानावर टाकले. उज्वलाच म्हणाली होती, टाका म्हणून. संध्याकाळपर्यंत नऊ फोन.

दिशा आता गुरुवार धरते. शिवाय चतुर्थी. माझ्या नणंदेच्या मुली बघा, दिवसभर वडापाव आणि मोबाइल. आमची देवाधर्माची निघाली.

२३ फेब्रुवारी

श्वास घ्यायला उसंत नाही. गंगापूर रोडवरून मुली येतात, काल एक सिन्नरहून आईला घेऊन बसने आली होती. सगळ्यांना उज्वलासारखं व्हायचंय. मी प्रत्येकीला काहीतरी सांगते. कमरेला वळी दिसतेय, पाठ रुंद आहे, गळा मोठा ठेवला तर दुहेरी हनुवटी झाकली जाईल. त्या मान हलवतात आणि पुढच्या वेळेला खरंच कमी होऊन येतात. महेश जेवताना म्हणाला, "तू शिंपीण आहेस का डॉक्टर?" त्याला गंमत वाटली होती. मलाही हसू आलं.

एक मात्र मी पाळलंय. दिशाला तिच्या अंगाबद्दल मी आजवर एक शब्द बोललेले नाही. माझी आत्या मला सगळ्यांसमोर भोपळी म्हणायची. ते ऐकून मी भिंतीच्या कडेकडेने चालायला लागले होते. आपल्या पोरीला हे नको, हे मी ती पोटात असतानाच ठरवलं होतं.

१४ मार्च

होळीला माहेरी गेलो होतो, मखमलाबादला. दादाचा झेंडू यंदा चांगला आलाय. आईने पुरणपोळ्या केल्या होत्या. दिशा म्हणाली, पोट दुखतंय, ताक पिते फक्त. पण सगळ्यांना वाढायला तीच पुढे. तूपसुद्धा तिनेच वाढलं. भाच्यांना आग्रह करकरून खायला घालत होती.

माझी आई, कुसाबाई, आता ऐंशीची आहे. मला मागच्या दाराशी बोलावून म्हणाली, "पोर लय वाळली गं. मनगट बघ, काठीवानी. खाती का नाय?"

"खाते गं. आजकालच्या मुली अशाच असतात."

"माझा हात धरला तिनं, गार हाय. उन्हाळा लागला अन् हात गार?"

आईला अंगाने भरलेली तेवढीच धडधाकट वाटते. तिच्या काळात शेतात राबायचं होतं. मी विषय बदलला.

२९ मार्च

दुकानाचं लिहायचं ठरवलंय, पण घरातलंही लिहून ठेवते, नाहीतर विसरते. न्हाणीच्या जाळीत केस अडकतात, प्लंबरला सांगायचं. दिशाचं पॅडचं पाकीट आणायला निघाले होते, तर कपाटात जानेवारीतलंच तसंच पडलंय. बरं झालं, खेप वाचली.

ऊन चाळिशीला टेकलंय आणि दिशा त्या जाड हुडीत फिरते. विचारलं तर म्हणते, कॉलेजात एसी आहे. तिचा डबा रोज चाटूनपुसून रिकामा येतो, धुऊनसुद्धा आणते. रात्री म्हणते, उशिरा खाल्लंय, भूक नाही. परीक्षेचा ताण असेल. काल मात्र मशीनवर बसल्या बसल्या तिला झोप लागली. दुपारचे चार वाजले होते.

१३ एप्रिल

आज एक गोष्ट घडली. ती नीट लिहिते.

भाचा ज्ञानेश, त्याची हळद २१ला आहे. दिशाला पिवळा ड्रेस शिवायचा होता. माप दे म्हटलं तर पळायची. "जुन्या मापाने शिव ना, आई." वहीत शोधलं तर तिचं शेवटचं माप मागच्या मे महिन्यातलं. दोनशे मुलींची मापं घेतली आणि घरातलीचं राहिलं. शेवटी जुन्या मापाने शिवला.

आज घातला तर खांद्यावरून घसरला. गळ्याची हाडं वर आलेली, पाठीवर दोन्ही बाजूंना खांद्याची पाती. ड्रेस टांगल्यासारखा दिसत होता. मला आधी वाटलं, माझं बेतायला चुकलं.

मग कळलं, की चुकलेलं नाही.

आणि मला बरं वाटलं. मनात आलं, किती नाजूक दिसतेय, मोबाइलवरच्या मुलींसारखी. मी म्हणालेही, "बारीक झालीस की गं. छान दिसतेस."

तिने आरशातूनच माझ्याकडे पाहिलं. "खरंच?"

"खरंच. उज्वलाच्या वरताण."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, आनंदाचं. दोन्ही बाजूंनी शिवण आत घेतली आणि रात्री साडेदहापर्यंत ड्रेस बसवून दिला. फार दिवसांनी आम्ही दोघी अशा एकत्र बसलो होतो.

२२ एप्रिल

हळदीला सगळ्या बायका दिशाभोवती. काय करतेस, कुठला डाएट. मी म्हटलं, आमच्या घराण्यात हे नाहीच, तिने कमावलंय. ती उभीच होती सगळा वेळ. जेवायच्या पंगतीला म्हणाली, आत्ताच खाल्लं मावशीबरोबर. मावशी मला म्हणाली, माझ्याबरोबर कुठे? गर्दीत कोण कुणाबरोबर जेवतं, कोण बघतं.

५ मे

दिशा कॉलेजच्या जिन्यात पडली. डोक्याला दोन टाके. दवाखान्यात ठेवलंय. महेश तिथेच आहे, मी कपडे न्यायला आले आहे. बाकी उद्या.

६ मे

लिहायचं नाही असं वाटतंय. पण कुणाशी बोलणारही नाही, तर इथे तरी.

डॉक्टर बाई आहेत, माझ्याच वयाच्या. त्यांनी आम्हा दोघांना बाहेर बोलावलं. म्हणाल्या, "चक्कर हे निमित्त आहे. तिच्या हृदयाचे ठोके फार मंद पडलेत. रक्तातले क्षार घसरलेत. पाळी किती महिन्यांपासून बंद आहे?"

महेशने माझ्याकडे पाहिलं. मला त्या पाकिटाची आठवण झाली. मी म्हटलं, "जानेवारीपासून असेल."

"मागच्या वर्षी कॉलेजच्या तपासणीत वजन झालं होतं, तो कागद पाहिला मी. अगदी योग्य वजन होतं. एक किलोही कमी करायची गरज नव्हती. बाहेरचं मिळेना म्हणून शरीर आता स्वतःचंच खातंय, त्यात हृदयही आलं. आणखी महिनाभर कुणाच्या लक्षात आलं नसतं, तर मी तुमच्याशी अशी बोलत नसते."

मग आत जाऊन त्यांनी दिशाला विचारलं, आमच्यासमोरच. "घरात कुणी वजनावरून बोलतं का? चिडवतं?"

दिशा म्हणाली, "नाही. घरी कुणीच काही बोलत नाही."

"कुणीच नाही?"

"नाही. आई तर कधीच नाही."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय करावं? मी मान हलवली. हो, कधीच नाही. महेशही म्हणाला, "घरात तसं वातावरणच नाही, मॅडम."

पोरीच्या हाताला सलाइन, डोक्याला पट्टी, आणि ती मला सांभाळून घेत होती. मी घेऊ दिलं. तेवढ्यात गिऱ्हाइकाचा फोन आला, मी तो कापला आणि फोन पर्समध्ये असा दडवला, जणू चोरीचा माल.

१० मे

दिशा घरी आली. तिची मैत्रीण भेटायला आली होती. तिच्याकडून कळलं, डबा रोज कॉलेजबाहेरच्या फुलवालीला जायचा, तानुबाईला. ती बिचारी दिशाला आशीर्वाद द्यायची. मी पहाटे उठून पोळ्या करत होते आणि रिकामा डबा बघून शेजारणीला सांगत होते, माझी पोर माझ्या हातचंच खाते.

दुपारी उज्वला आली, आईला घेऊन. शेवटची ट्रायल. ब्लाउज लग्नाच्या मापाचा होता, तोसुद्धा सैल. तिची आई म्हणाली, "अजून एक इंच घ्या आत." उज्वलाच्या दंडावर बारीक लव आलीय, लहान बाळाच्या अंगावर असते तशी. दिशाच्या दंडावर परवा डॉक्टरांनी तीच दाखवली होती. न खाणाऱ्या शरीराने ऊब धरायला उगवलेली.

मी म्हटलं, "मी नाही घेणार आत."

"म्हणजे?"

"हिला आधी डॉक्टरला दाखवा. माझी मुलगी आत झोपलीय, ती असंच करत होती. आणि उज्वला, तुझे दंड जाड नव्हते गं. मी उगाच म्हणाले होते."

उज्वला माझ्याकडे बघत राहिली. ती हळू आवाजात म्हणाली, "आता सांगताय, काकू?"

तिच्या आईला राग आला. लग्न आठ दिवसांवर आणि ही बाई अशुभ बोलते. ब्लाउज उचलून त्या दोघी दुसरीकडे गेल्या. इंचाची टीप मारायला सिडकोत काय कमी मशिनी आहेत?

पडद्यामागे उभी राहून दिशा ऐकत होती. ती आत गेली आणि दार लावून घेतलं.

१९ मे

उज्वलाच्या लग्नाचे फोटो. तीनशे लोकांनी छान म्हटलंय. छान दिसतेय ती, हेच तर. मला कळेना कुणाला काय सांगावं. तिला निरोप पाठवला, तब्येत दाखव म्हणून. निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही.

दुकानाच्या पानावरचा तो जोडफोटो काढून टाकायला मी दिशाला सांगणार होते. पण तिला सांगणं म्हणजे तिला तो पुन्हा बघायला लावणं. शेवटी महेशला सांगितलं. त्याने विचारलं, "का? त्याच्यावर तर सगळं दुकान चाललंय." मी म्हटलं, नको वाटतो. कारण सांगितलं नाही. आजही नाही.

२८ मे

डॉक्टरांनी समुपदेशकांकडे पाठवलं होतं. तिसरी खेप आज. तरुण मुलगी आहे, दिशाला ताई वाटेल एवढीच. आज तिघांना एकत्र बसवलं. तिने पुन्हा तोच प्रश्न विचारला, दुसऱ्या शब्दांत. घरात शरीराबद्दल कोण बोलतं?

दिशा म्हणाली, "कुणी नाही."

मी म्हणाले, "मी."

महेश माझ्याकडे वळला. मी खाली बघून सगळं सांगितलं. उज्वलाचे दंड. दोनशे मुली, प्रत्येकीची पाठ, कंबर, हनुवटी. मी मोठ्याने सांगायचे आणि माझी पोर ते सुवाच्य अक्षरात लिहायची, दुपारी दोनपासून रात्री आठपर्यंत. पिवळ्या ड्रेसचं सांगितलं. डॉक्टरांसमोर मान हलवली होती तेही. शेवटी म्हणाले, "पण दिशाला मी कधी एक शब्द बोलले नाही. तेवढं तरी मी पाळलं होतं."

तेव्हा दिशा बोलली. माझ्याकडे न बघता, त्या ताईकडे बघत.

"तेच तर. आई सगळ्यांबद्दल बोलायची. ज्या मुली मला सुंदर वाटायच्या, त्यांच्यातही तिला काहीतरी दिसायचं. आणि माझ्याबद्दल कधीच काही नाही. मला वाटायचं, मी इतकी वाईट असेन की तिला सांगवतही नसेल."

त्या ताईने पाण्याचा ग्लास तिच्यापुढे सरकवला.

"एकदाच बोलली ती," दिशा म्हणाली. "ड्रेसच्या वेळी. छान म्हणाली. त्या दिवसानंतर मला थांबताच आलं नाही."

घरी येताना रिक्षात महेश पुढे ड्रायव्हरशेजारी बसला. घरी आल्यावर म्हणाला, "डॉक्टरसमोर मीसुद्धा मान हलवली होती. आणि तू शिंपीण का डॉक्टर म्हणून हसणारा मीच होतो." मला वाटलं होतं तो ओरडेल. ओरडला असता तर सोपं गेलं असतं.

४ जून

दुकान आठ दिवस बंद ठेवलं होतं, गेल्या आठवड्यात उघडलं. माप मी आता हळू आवाजात घेते आणि माझं मीच लिहिते. गिऱ्हाईक घटलंय. काल एक आई म्हणाली, "तुम्ही काही सुचवलं नाहीत हिला?" मी म्हटलं, माप सांगते मी, तेवढंच येतं मला. त्या जरा नाराज होऊन गेल्या.

दिशाचं बरं चाललंय असं लिहिता येणार नाही. परवा तिने ताट ढकलून दिलं. काल दीड तास बसली आणि दोन घास खाल्ले. एकदा म्हणाली, तुम्ही सगळे मला पुन्हा जाड करणार. डॉक्टर म्हणतात, वर्ष लागेल, कदाचित जास्त. पाळी अजून आलेली नाही. हात अजून गार आहेत.

तिच्या जेवणाच्या वेळी कुणीतरी शेजारी बसायचं, असं त्या ताईने सांगितलंय. खा म्हणायचं नाही, ताटाकडे बघायचं नाही. जेवण आणि शरीर सोडून कशावरही बोलायचं. मला वाटलं, यात काय अवघड. आज बसले आणि तोंड उघडलं, तर बोलायला काही सापडेना. शेजारीण आठवली, ती सुटलीय. मावशी आठवली, ती वाळलीय. नणंदेच्या मुली, उज्वला, पुढच्या गल्लीतली नवी सून. ज्या कुणाला मी ओळखते, तिला मी मापानेच ओळखते. दिशा भातात बोट फिरवत होती.

शेवटी काहीतरी म्हणून मखमलाबादचं सांगायला लागले. मी दहा वर्षांची असताना, दसऱ्याच्या आदल्या पहाटे दादा आणि मी झेंडूच्या पाट्या बैलगाडीत घालून पंचवटीला निघालो होतो. वाटेत बैल अडला. दादा म्हणाला, याच्यापुढे गाणं म्हटल्याशिवाय हा चालत नाही. मी खरं मानलं आणि अंधारात बैलाच्या कानाशी प्रार्थना म्हणायला लागले, शाळेत म्हणायचो ती, हात जोडून. मागे गाड्यांची रांग लागली. एका म्हाताऱ्याने टोपी काढली. त्याला वाटलं, कुणी गेलं.

दिशाच्या नाकातून एकदम हसू आलं. "मग चालला का?"

"चालला ना. दादाने मागून शेपटी पिळली होती, ते मला लग्नानंतर कळलं."

"मामाला विचारते मी," ती म्हणाली आणि आणखी काय काय विचारत राहिली. बैलाचं नाव काय, फुलं विकली का, अंधाराची भीती वाटली नाही का. मी आठवून आठवून सांगत होते. आठवेना तिथे बनवून सांगितलं. मध्येच तिचा हात ताटाकडे गेला तेव्हा मी खिडकीबाहेर बघायला लागले.

उठताना ती स्वतःचं ताट घेऊन गेली. त्यात काय उरलं होतं ते मला दिसलं. पण ते मी इथे लिहिणार नाही.